आधी धुराला विचारायचं

रविवार, २ नोव्हेंबर. आज धुराडं साफ करायचं काम काढलं आहे. शिडी लावून झाली, तारेचा ब्रश लांब बांबूला बांधून झाला, खाली काजळी पडेल म्हणून गोणपाट अंथरून झालं. हिवाळ्यातला पहिला जाळ उद्या पहाटे करायचा, असं नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाहीर करून टाकलं आहे. त्याआधी धुराडं आतून खरवडायचं, हा काशिनाथ मिस्तरींचा नियम. "पहिल्या वर्षी मी येऊन करीन, तुम्ही खालून बघा. दुसऱ्या वर्षी तुम्ही करा, मी खालून बघंन," असं ते म्हणाले होते. पण पहिल्याच वर्षाची पाळी माझ्यावर आली. मिस्तरी भाद्रपदात गेले. मला ते कळलं गेल्या आठवड्यात, साफसफाईला कधी येता म्हणून विचारायला फोन केला तेव्हा.

मी रडण्याबिडण्यातली बाई नाही. पण त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि ती न सांगता उद्याचा जाळ पेटवणं मला जमणार नाही. म्हणून आधी कागदावर उतरवून बघते.

काशिनाथ मिस्तरी कुठंही आले की आधी वर बघायचे. छप्पर, वळचण, झाडाच्या फांद्या, विजेच्या तारा. एवढं सगळं बघून झालं की मग समोरच्या माणसाकडे. आमच्या फाटकातून पहिल्यांदा आत आले तेव्हा मी "या" म्हणून उभी, आणि हे मान मागे टाकून कडुनिंबाकडे बघताहेत. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. नंतर एकदा त्यांना त्याबद्दल टोकलं, तर म्हणाले, "माणसाचं तोंड काय, दुसऱ्या येळेला बी तसंच असतंय. छप्पर कधी बदलंल सांगता येत नाय."

वय पासष्टीच्या आसपास. उंची बेताची, अंगात खाकी सदरा. डाव्या खिशात खडू, उजव्या खिशात उदबत्तीचा पुडा. भुवया कधीतरी जळून गेलेल्या आणि पुन्हा नीट न उगवलेल्या, त्यामुळे चेहरा कायम थोडा आश्चर्यात पडल्यासारखा दिसायचा. मूळचे नांदगावकडचे. तीस-पस्तीस वर्षं अंबडच्या कारखान्यांमध्ये काढलेली. लोखंड वितळवायच्या भट्ट्यांना आतून विटांचं अस्तर करायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर बेकरीच्या भट्ट्या, हलवायाच्या चुली, गुऱ्हाळाची चुलवणं बांधून द्यायचे. जिथं जाळ असेल तिथं मिस्तरी.

आमच्याकडे त्यांना बोलवायचं कारण असं. मखमलाबादला आमचा मळा आहे. गुलाब आणि शेवंती. फुलं उजाडायच्या आत तोडून फुलबाजारात न्यावी लागतात. हिवाळ्यात दवाने भिजलेली फुलं तोडून बायकांची बोटं वाकेनाशी होतात, म्हणून शेडजवळ शेकोटी असायची. ती नानांची. तीन काळे दगड, मध्ये जाळ, शेजारी नाना, हे साठ वर्षांचं चित्र. कोण आलं, कोण नाही आलं, कोणाच्या घरी काय चाललंय, बाजार काय म्हणतो, सगळं तिथं ठरायचं. नानांचं ऑफिसच ते.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत त्यांच्या घोंगडीच्या टोकाने पेट घेतला. घोंगडी झटकताना ठिणग्या शेडवरच्या उसाच्या पाचटाला लागल्या. मी बादल्या मारल्या म्हणून शेड वाचली. नानांची उजवी पोटरी मात्र भाजली. पुढे महिनाभर रोजचं ड्रेसिंग मी केलं. त्याच दिवशी रागाच्या भरात ते तीन दगड मी उचलले आणि मळ्याच्या कडेच्या पाटाच्या चारीत टाकून दिले. पुन्हा शेकोटी नाही, विषय संपला.

विषय संपला नाही. विजेचा हीटर आणला, तर नाना म्हणाले, "ह्याला काय जाळ म्हनतीस, मंदा? लाल तार बघत बसू व्हय?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढचा उन्हाळा-पावसाळा तसाच गेला. खोलीतून बाहेर येणं कमी झालं, चार भाकरीची दीड झाली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. आजार काय होता ते मला दिसत होतं. नानांचं वय ब्याऐंशी, आणि त्यांच्याकडे जाऊन बसायला जागा उरली नव्हती. दसऱ्याच्या सुमारास मी ठरवलं की जाळ परत आणायचा, पण रीतसर. विटांचा, मागे धुराडं असलेला, ठिणगी बाहेर पडणार नाही असा. शेजारच्या मळ्यातले भाऊसाहेब पर्यटकांसाठी खोल्या बांधत होते. त्यांना तसेच दोन करायचे होते. मिस्तरींचा नंबर त्यांनीच दिला. म्हणाले, "आधी तुमच्याकडं होऊ द्या वहिनी, मग आमच्याकडं."

तर मिस्तरी आले, वर बघून झालं. मी जागा दाखवली. शेडच्या मागच्या भिंतीला लागून, वारा न लागणारी. खिशातून उदबत्ती काढली, पेटवली, वाफ्याच्या मातीत खोचली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. पाणी नको, चहा नको. नाना खिडकीतून बघत होते. त्या महिन्यात पहिल्यांदा ते आपणहून ओरडले.

"ओ पाव्हणे! देव कुठं दिसला तुम्हाला तिथं?"

"वारा देवच हाय की, नाना. न विचारता काम केलं तर कोपतो."

"मंग काय म्हनतोय?"

"आत्ता गप हाय. सांजच्याला बोलंल."

संध्याकाळी पुन्हा उदबत्ती. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा. तीन दिवस हा माणूस आमच्या अंगणात ठिकठिकाणी उदबत्त्या लावत फिरला आणि जमिनीवर खडूने बाण काढत राहिला. मला कामाचा खोळंबा सहन होत नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, "मिस्तरी, बांधायला कधी लागणार?"

"आधी धुराला विचारायचं, ताई. वीट काय, आपण ठिवू तिथं ऱ्हाती. धूर ऱ्हात नाय."

मग त्यांनी मला बाण दाखवले. दिवसा वारा नदीकडून येतो, पहाटे उलटा, आणि थंडीच्या पहाटे धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो. मी सांगितलेल्या जागी धुराडं झालं असतं तर नेमका पहाटेचा धूर नानांच्या खिडकीत गेला असता. शिवाय भिंत. "भिंतीला पाठ लावून जाळ बसवायचा नाय. भिंत थंड लागती हाताला, पण आतून तापत ऱ्हाती. बोलत नाय, इतकंच." फांदी डोक्यावर नको, तार डोक्यावर नको, पाचटाचं छप्पर पंधरा हातांच्या आत नको. एवढं सगळं वजा करून आमच्या अंगणात एकच जागा उरली, विहिरीच्या अलीकडची, आणि ती मी रोज बघूनही मला सुचली नव्हती.

काम सुरू झालं तसे नाना खुर्ची घेऊन तिथं येऊन बसायला लागले. देखरेख म्हणून. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून मिस्तरींनी मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं.

"विहीर खांदतोस का चूल बांधतोस रे?" नाना म्हणाले.

"पाय पक्का नसला तर धुराडं कलतंय, नाना. माणसागत."

"माझा पाय भाजला, कलला नाय."

"तुमचा पाया मुरमातला हाय. म्हणून तर बोलताय एवढं."

मला बऱ्याच दिवसांनी नानांचं हसू ऐकू आलं.

धुराडं शेडच्या आढ्यापेक्षा दोन हात उंच. तोंडाला तारेची जाळी, ठिणगी अडवायला, आणि पावसासाठी वर टोपी. जाळासमोर चार फूट शहाबादी फरशी, आणि फरशीच्या पुढे हातभर अंतरावर लाल रेघ. "खुर्ची या रेघेच्या आत नाय." राखेला झाकणाची बादली, शेजारी वाळूची बादली. लाकूड बाभळीचं, वर्षभर वाळलेलं. फवारणी केलेल्या गुलाबाच्या छाटण्या जाळायच्या नाहीत, रोपांचे प्लॅस्टिकचे ट्रे तर नाहीच नाही. मी हे सगळं वहीत लिहून घेत होते. आणि ज्याच्यासाठी हे लिहिते आहे तो नियमही त्याच वहीत आहे: आत वीट, बाहेर दगड.

मला आतूनही काळा दगड हवा होता, दिसायला चांगला म्हणून. मिस्तरींनी ऐकलं नाही. अंबडहून भट्टीच्या विटा आणल्या, आतला सगळा भाग त्या विटांनीच बांधला, दगड फक्त बाहेरून. "दगडाच्या पोटात पाणी असतं, ताई. वरून कोरडा दिसतो. तापला की ते पाणी वाट काढतं." मी हो म्हणाले. त्या वेळी मला बाजारातून फोन आला होता, आणि मी ऐकून घेतलं, तसं आपण पुष्कळ ऐकून घेतो.

बांधून झाल्यावर पेटवू द्यायचं नाव नाही. तीन आठवडे नुसतं वाळू दिलं. मग रोज थोडा जाळ, पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी दोन मुठी. थंडी पडायला लागली होती, नाना रोज विचारत होते, आणि मी वैतागले. मिस्तरी म्हणाले, "बाळंतीण हाय ती. आधी पेज, मग मऊ भात, मग भाकरी. घाई करू नका. घाईचं माणूस मी बघितलेलं हाय." कोण, ते तेव्हा सांगितलं नाही.

डिसेंबरात भाकरीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी नाना मला म्हणाले, "माझे तीन दगड कुठं टाकले गं? माझ्या बापाने नदीतून आणलेले." मी म्हणाले, माहीत नाही. हे खोटं होतं. दुपारी सगळे झोपल्यावर मी साडी खोचून चारीत उतरले. गाळात हात घालून तिन्ही दगड काढले. जवळजवळ वर्षभर पाण्यात होते. घासून धुतले, उन्हात ठेवले. संध्याकाळपर्यंत खडखडीत कोरडे दिसायला लागले. पहाटे लाकडं रचायचं काम मिस्तरींनी माझ्याकडे दिलं होतं. मी लाकडांच्या मागे, विटांना टेकून, ते तीन दगड ओळीने ठेवले. जाळ खाली बसला की नानांना दिसतील, एवढाच विचार. आयुष्यात हौसेखातर मी फार थोड्या गोष्टी केल्या. ही त्यातली एक.

पहाटे सगळे जमले. नाना, फुलं तोडणारी सखूबाई आणि तिच्याबरोबरच्या दोघी, भाऊसाहेब. मिस्तरी मोपेडवरून कुडकुडत आले. आधी कागदाची सुरळी पेटवून धुराड्याच्या नळीखाली धरली. "थंड धुराडं धूर घेत नाय. आधी त्याला ऊब द्यायची, मग लाकडाला काडी." मग जाळ लागला. धूर सरळ वर गेला. सखूबाईने बोटं शेकत "बाई गं" म्हटलं. नानांनी खुर्ची ओढली, आणि ती रेघेच्या आत गेली.

मिस्तरी "नाना, रेघ" असं म्हणत उठले, आणि उठताना त्यांची नजर आत गेली. लाकडं खचून जाळ खाली बसला होता. त्यांना दगड दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं. ते ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी नानांची खुर्ची नानांसकट मागे ढकलली आणि जाळाकडे पाठ करून मध्ये उभे राहिले. त्याच वेळी आवाज झाला. बंदुकीचा व्हावा तसा. मग दुसरा. निखारे फरशीवर उडाले. मिस्तरींनी आवाजासरशी मान वळवली आणि डाव्या भुवईवर दगडाची कपची लागली.

रक्त डोळ्यात उतरत होतं. त्यांनी आधी वाळूची बादली निखाऱ्यांवर ओतली, मग सदऱ्याची बाही कपाळावर धरली. भाऊसाहेब म्हणाले, "मिस्तरी, काय हे? फुटलं कसं?"

मी तोंड उघडलं. मिस्तरी माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी चूक, भाऊसाहेब. दगड मीच ठिवले होते मागं, आधाराला. काढायचे राह्यले."

नाना म्हणाले, "एवढ्या उदबत्त्या लावल्या अन् शेवटी फोडलंस व्हय रे!"

मी मिस्तरींना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले. बाहेर बाकावर बसलो तेव्हा मी म्हणाले, "मी घरी जाऊन सांगणार आहे. दगड मी ठेवले."

"आत्ता नका सांगू."

"का?"

"म्हातारा तुमच्या हातचं खातो, ताई. त्याचे दगड तुम्हीच टाकले, तुम्हीच आणले, अन् त्याच्या अंगावर फुटले, हे आज कळलं तर उद्यापास्नं तो तुमच्या हातचं खाणार नाय. माझ्यावरचा भरवसा उडाला तर काय? मी काय रोज त्याला वाढायला येत नाय."

मग त्यांनी न विचारता सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात त्यांनी भट्टीचं अस्तर केलं होतं. पूर्ण वाळलं नव्हतं. मालकाला घाई होती. त्याने विचारलं, चालेल का, आणि मिस्तरी हो म्हणाले. वितळलेलं लोखंड ओतलं आणि अस्तराच्या पोटातलं पाणी वाट काढून बाहेर आलं. त्यांच्या हाताखालचा माणूस गेला. चौकशीत लिहिलं गेलं की मेलेल्यानेच काम नीट केलं नव्हतं. "मी तिथंच उभा होतो. मला कुणी विचारलं नाय, अन् मी बोललो नाय. त्याची बायको कारखान्याच्या दारात यायची तर लोक तिला म्हणायचे, तुझ्याच नवऱ्याची चूक." बाहीवरचं रक्त वाळलं होतं, ते त्यांनी नखाने खरवडलं. "घाईचं माणूस म्हणालो ना, ते मीच. आज बोललो तर एवढं हलकं वाटलं. कशाला काढून घेता?"

मी गप्प राहिले. त्या दिवशी गप्प राहणं बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. चुकलं ते पुढचं.

नाना चार दिवस जाळाकडे फिरकले नाहीत. मिस्तरी डोक्याला पट्टी बांधून आले, प्रत्येक वीट वाजवून पाहिली, धुराड्याला काही झालं नव्हतं. मग त्यांनी स्वतः जाळ केला आणि रेघेच्या आत तासभर एकटे बसून राहिले. ते बघून नाना आले. त्या हिवाळ्यात नानांचं ऑफिस पुन्हा भरलं. दीड भाकरीच्या तीन झाल्या. आणि मिस्तरींचं नाव पडलं फुटके मिस्तरी.

"या, फुटके मिस्तरी! आज काय फोडायला आणलं?"

"आज काय नाय, नाना. रिकाम्या हाताने आलो."

"मंग च्या प्या अन् जा, आमचा जाळ चांगला चाललाय."

नाना ते प्रेमानेच म्हणायचे, मिस्तरी मनापासून हसायचे, सखूबाई हसायची. मी चहाचे कप पुढे करायचे. पण गाव प्रेमाने म्हणत नव्हतं. भाऊसाहेबांनी दोन्ही कामं दुसऱ्याला दिली. ते चार जणांना बोलले, चार जण आणखी चार जणांना. मळ्यामळ्यात पर्यटकांसाठी अशी कामं निघत होती, आणि मिस्तरींना कोणी बोलवत नव्हतं. हे मला माहीत होतं. मला भाऊसाहेबांकडूनच कळलं होतं.

फेब्रुवारीत एकदा मी मिस्तरींना म्हणाले, "नाना आता बरे आहेत. सांगून टाकते सगळ्यांना."

ते म्हणाले, "सांगा की. तुमचं तुम्ही ठरवा. ओली वीट अन् ओलं माणूस, घाई तेवढी करू नका."

पेजेवरून भाकरीवर कधी यायचं हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी ठरवलं, शिमगा झाला की. मग छाटण्या निघाल्या, मग नानांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाऊस लागला. माझ्याकडे कामं कधीच कमी नसतात. त्यातलं जे टाळायचं ते सहज टळतं.

गेल्या आठवड्यात फोन त्यांच्या बायकोने उचलला. "ते गेले ना, बाई. गणपती बसले त्याच आठवड्यात. झोपेतच." ती म्हणाली, "शेवटी शेवटी हाताला कामच नव्हतं. बसून असायचे. उदबत्ती लावून धूर बघत बसायचे ओट्यावर. तुमच्या धुराड्याचं मात्र लय सांगायचे. म्हणायचे, माझं सगळ्यात चांगलं काम तिथं हाये." तिच्या आवाजात कसलीही तक्रार नव्हती. तिला माहीतच नव्हतं.

दुपार झाली. धुराडं साफ झालं. काजळी मऊ, भुरभुरीत निघाली. चकचकीत डांबरासारखी निघाली तर समजायचं की लाकूड ओलं होतं, असं मिस्तरींनी सांगितलं होतं. म्हणजे लाकडाच्या बाबतीत मी चुकले नाही. आत वाकून मागची भिंत पुसली तेव्हा एका विटेवर बोटाला खाच लागली. कपची उडाली त्याची खूण. विटेला तेवढीच इजा झाली आहे. संध्याकाळी भाऊसाहेबांना फोन करून सांगितलं, उद्या पहाटे या, काम आहे.

सोमवार. पहाटे सगळे आले. नाना खुर्चीत, नेहमीप्रमाणे रेघेच्या आत. सखूबाई आणि दोघी. भाऊसाहेब मफलर गुंडाळून. लाकडं रचलेली होती. मी वाफ्यात एक उदबत्ती खोचली. धूर जमिनीलगत विहिरीकडे गेला, घराकडे नाही.

"आता ह्या मिस्तरीण बाई झाल्या," नाना म्हणाले. "आपला फुटक्या कुठं हाय? येनार होता ना?"

"नाना, मिस्तरी वारले. भाद्रपदात." मी काडेपेटी खाली ठेवली. "आणि मागच्या वर्षी फुटले ते दगड त्यांनी ठेवले नव्हते. मी ठेवले होते. तुमचेच होते ते. जानेवारीत तुम्ही भाजलात तेव्हा मी चारीत टाकले, आणि डिसेंबरात ओलेच काढून आणले. त्यांनी माझ्यासाठी आळ घेतला आणि मी घेऊ दिला."

मग भाऊसाहेब म्हणाले, "अहो वहिनी, तेव्हाच सांगायचं ना. मी त्यांचं काम..." आणि थांबले.

"हो. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. दहा वाजता मी अंबडला त्यांच्या बायकोकडे जाते आहे. हेच सांगायला."

"मी येतो बरोबर," भाऊसाहेब म्हणाले.

नाना खाली बघत होते. म्हणाले, "मी त्याला फुटक्या म्हनायचो."

"हो."

"अन् तो हसायचा."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग काठी टेकून उठले. सखूबाई धरायला पुढे झाली, तिला हाताने थांबवलं. स्वतःच खुर्चीचे हात धरून ती मागे ओढली, एकदा, दोनदा, फरशीवर पाय खरडत, लाल रेघेच्या बाहेर जाईपर्यंत. आणि तिथं बसले.

मी कागदाची सुरळी पेटवून नळीखाली धरली. धुराड्याला ऊब दिली. धूर वर ओढला जायला लागला तसा लाकडाला काडी लावली.